दिवाळीच्या सुट्टीत खेळलेले पाच गेम, माझी मतं आणि एक प्रश्न

खडूफळा, इंदूर
९ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. शाळेला सुट्टी होती, मुलगी मामाकडे नाशिकला गेली होती, आणि बऱ्याच वर्षांनी मी सलग गेम खेळले. आईचं रात्रीचं औषध झालं की साडेदहा ते साडेबारा, असे सोळा-सतरा दिवस. पाच गेम सुरू केले, तीन संपवले.

आधी एक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. माझ्या उजव्या अंगठ्याला ट्रिगर थंब आहे. अंगठा वाकला की अडकतो आणि मग खटकन सुटतो. डॉक्टरांनी पट्टी दिली आहे, आणि एकच हालचाल पुन्हा पुन्हा करू नका म्हणून बजावलं आहे. कंट्रोलरवर तर उडी, वार, बचाव सगळं त्याच अंगठ्याकडे असतं.

हेडीस (२०२०): पाचांत मला सर्वांत आवडलेला. पाताळाच्या राजाचा मुलगा झॅग्रियस घरातून पळून वर यायचा प्रयत्न करतो, मरतो, पुन्हा घरीच येऊन पडतो. प्रत्येक वेळी घरातल्या माणसांना नवीन काही बोलायचं असतं, त्यामुळे हरल्याचं दुःख होत नाही, उलट 'बघू आता कोण काय म्हणतंय' अशी ओढ लागते. यात गॉड मोड म्हणून सोय आहे. ती चालू केली की मार २० टक्के कमी बसतो, आणि दर मरणानंतर आणखी २ टक्के कमी, असं ८० टक्क्यांपर्यंत. मी पहिल्या दिवसापासून ती चालू ठेवली. एकतिसाव्या प्रयत्नात वर पोचले.

सेलेस्ट (२०१८): मॅडलीन नावाची मुलगी डोंगर चढते, एवढीच गोष्ट. मध्येच हवेत लोंबकळणाऱ्या पाळण्यात तिला घाबरल्यामुळे श्वास घेता येत नाही, तेव्हा एक पीस तरंगत ठेवायचं, श्वासाच्या लयीत वर-खाली. तो प्रसंग मी दोनदा खेळले. यातल्या असिस्ट मोडमध्ये खेळाचा वेग १०-१० टक्क्यांनी निम्म्यापर्यंत उतरवता येतो. मी ८० टक्क्यांवर खेळले आणि शिखर गाठलं.

क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पेडिशन ३३ (२०२५): अर्धा सोडला. एक चित्रकर्ती दरवर्षी दगडावर एक आकडा रंगवते आणि त्या वयाची सगळी माणसं फुलांच्या पाकळ्या होऊन विरून जातात. दरवर्षी आकडा एकाने उतरतो. सुरुवातीचा निरोपाचा प्रसंग बघून मी कंट्रोलर खाली ठेवून नुसती बसून राहिले. पण लढताना शत्रूचा वार बरोबर त्या क्षणी परतवायला बटण दाबावंच लागतं. सर्वांत सोप्या पातळीवर चुकीची शिक्षा कमी होते, बटण मात्र तेच. अंगठ्याने नकार दिला.

स्टारड्यू व्हॅली (२०१६): सगळे म्हणतात शांत खेळ, आणि अंगठा सर्वांत जास्त दुखावला तो इथेच! प्रत्येक वाफ्याला वेगळं पाणी, एका वाफ्याला एक क्लिक. चाळीस वाफे म्हणजे चाळीस क्लिक, आणि खेळातला दिवस उणापुरा १४ मिनिटांचा. दोन ऋतू काढले आणि शेती सोडली.

वेन्बा (२०२३): टोरोंटोत केलेला छोटा गेम, दीड तासात संपतो. १९८८ मध्ये कॅनडात राहणारं तमिळ जोडपं, त्यांचा मुलगा, आणि आईची फाटकी, डाग पडलेली पाककृतींची वही. पुसलेल्या ओळी ताडून पदार्थ करायचे. पहिलाच पदार्थ इडली. ताटल्या एकावर एक कशा रचायच्या यात मी अडखळले होते. आई शेजारी जप करत बसली होती. माळ न थांबवता म्हणाली, "अगं फिरव ती. भोकावर वाटी येऊ दे, वाफ कुठून जाईल?" त्यानंतर माळ बाजूला राहिली आणि आम्ही दोघींनी मिळून गेम संपवला.

माझं मत असं: सोपं करून संपवलेला गेम हा संपवलेलाच. अवघडपणा किती असावा याची चावी खेळणाऱ्याच्या हातात हवी, कारण हात त्याचा आहे.

आणि प्रश्न: पुढे काय खेळू? तीन अटी. शेवट असलेला हवा, अंगठ्याला सोसणारा हवा, आणि आईला शेजारी बसून बघता यावा.

पोहेजिलेबी, इंदूर
९ नोव्हेंबर, रात्री ११:३८

ताई, स्प्रिंकलर न लावताच शेती सोडलीत! शेतीची पातळी २ झाली की साधा स्प्रिंकलर करता येतो, तो चार वाफे भिजवतो. पातळी ६ ला आठ वाफ्यांचा. पुढे चोवीस वाफ्यांचा इरिडियमवाला. माझ्या शेतावर दुसऱ्या वर्षी पाण्याची झारी कपाटात गेली, ती आजतागायत बाहेर आली नाही. पुन्हा सुरू करा, पहिल्या ऋतूत दहाच वाफे लावा आणि उरलेला वेळ गावातल्या लोकांशी बोला. तो गेम खरा गावातच आहे.

भंवरकुआ_पीजी, इंदूर
१० नोव्हेंबर, पहाटे १:२०

ताई, लिहिलंय फार छान, पण तुमच्या मताशी मी सहमत नाही. का ते मनापासून सांगतो.

मी मूळचा बऱ्हाणपूरचा, इथे बँकेच्या परीक्षांची तयारी करतो. पीजीत आम्ही चौघे, लॅपटॉप एक. सिल्कसाँग हा गेम ४ सप्टेंबरला गुरुवारी संध्याकाळी आला, आणि शनिवारी अनंत चतुर्दशी. सगळं इंदूर रात्रभर मिलांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला रस्त्यावर, आणि आम्ही खोलीत आळीपाळीने मरतोय. शेवटी पहाटे तीनला लॅपटॉप मिटून झांक्या बघायला गेलो, तर मिरवणुकीतही बोलणं त्याचंच.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुरुवातीला पाच मुखवटे म्हणजे पाच जीव असतात. यातल्या पुष्कळ शत्रूंचा एक वार दोन मुखवटे घेतो. म्हणजे तिसऱ्या वाराला संपलात. जखम भरायची तर साठवलेलं सगळं रेशीम खर्चून एकदम तीन मुखवटे भरतात, पण त्यासाठी क्षणभर थांबावं लागतं, आणि थांबायला कोणी देत नाही. लास्ट जज नावाचा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, आहे. त्याच्याकडे हरलात की पुन्हा पोचायला लांबचा, काटेरी रस्ता. आमचे सगळे मिळून त्र्याऐंशी प्रयत्न झाले. भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या.

त्र्याऐंशीव्या वेळी तो पडला तेव्हा शेजारच्या खोलीतली मुलं धावत आली, काय झालं म्हणून. ताई, त्या खोलीत तेव्हा जे वाटलं ते वेग ८० टक्के केला असता तर वाटलं असतं का? जगात ज्याने ज्याने तो पाडला त्याने तोच रस्ता तुडवलाय. तुमचा घाट वेगळा, माझा घाट वेगळा झाला की मग 'तू चढलास का' हे विचारण्यातच अर्थ राहत नाही. म्हणून बनवणाऱ्याने जो अवघडपणा ठरवला तो एकच असावा, असं मला वाटतं.

तुमच्या अंगठ्याबद्दल वाचून वाईट वाटलं. माझा विरोध तुम्हाला नाही.

निळी_शाई, देवास
१० नोव्हेंबर, सकाळी ७:०५

खडूफळा, 'हात त्याचा आहे' याला +१. आणि भिंतीवरच्या त्र्याऐंशी रेघा घरमालकांना दिसू देऊ नका.

सुरसागर, वडोदरा
१० नोव्हेंबर, सकाळी ९:४०

@भंवरकुआ_पीजी, एक जुनी गोष्ट आठवली.

दांडियाबाजारात आमच्या घराजवळ एका काकांनी पुढच्या खोलीत दोन टीव्ही आणि दोन कॅसेटवाले गेम ठेवले होते. अर्ध्या तासाचे पैसे घ्यायचे. मी सातवीत असेन. सगळ्यांना हवा असायचा कॉन्ट्रा. तीन जीव मिळायचे आणि धबधब्याच्या पातळीपर्यंतही ते पुरायचे नाहीत. मग कुणीतरी अहमदाबादच्या मावसभावाकडून मंत्र शिकून आला. वर वर, खाली खाली, डावं उजवं डावं उजवं, बी, ए. तीस जीव! तो मंत्र आमच्या गल्लीत परवच्यासारखा पाठ होता.

आता मला सांगा, आम्ही कॉन्ट्रा संपवला की नाही? आमच्या मते संपवला. शेवटी बेट उडतं तेव्हा आम्ही सहाजण त्या खोलीत उभे होतो, काकांनी त्या दिवशी वेळेचे जादा पैसे घेतले नाहीत.

तो मंत्र आला कुठून तेही ऐकण्यासारखं आहे. कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये ग्रेडियस हा गेम घरगुती मशीनवर आणत होते. तपासताना तो त्यांना स्वतःलाच फार अवघड जाऊ लागला, म्हणून त्यांनी सगळी हत्यारं एकदम मिळतील असा बटणांचा क्रम आत घातला. तो तसाच राहून गेला आणि जगभर पसरला. म्हणजे बनवणाऱ्यालाच आधी सोपेपणाची गरज पडली. अवघडपणाची किल्ली बनवणाऱ्याने आपल्या खिशात ठेवली होती, ती चुकून आपल्या हाती लागली, इतकंच.

पोहेजिलेबी, इंदूर
१० नोव्हेंबर, सकाळी ९:५२

सुरसागर भिया, तो मंत्र वाचताना अंगठे आपोआप हलले. सकाळ सुंदर केलीत.

बटणवाला, पुणे
१० नोव्हेंबर, दुपारी १:१५

मी कंट्रोलर दुरुस्त करतो, म्हणून कामाचं तेवढं लिहितो.

खडूफळा ताई, अंगठ्याचं काम तर्जनीला द्या. स्टीम या गेमच्या ॲपवर खेळत असाल तर त्यात बटणं बदलायची सोय आधीपासून आहे, प्रत्येक गेमसाठी वेगळी ठेवता येते. उडी उजव्या खांद्याच्या बटणावर, वार खालच्या ट्रिगरवर. पहिले दोन दिवस मेंदू गोंधळतो, तिसऱ्या दिवशी बसतो. दुसरं, जिथे बटण दाबून धरायचं असतं तिथे 'टॉगल' करा, म्हणजे एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. सेलेस्टमध्ये कडा पकडून ठेवण्याला हा पर्याय गेममध्येच आहे. तिसरं, पाठीमागे जादा बटणं असलेले कंट्रोलर मिळतात, त्यांवर मधली बोटं वापरता येतात.

ज्यांचा हातच नीट चालत नाही त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये मोठ्या दोन गोल बटणांचा ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला. त्याला पायाने दाबायची बटणंसुद्धा जोडता येतात. सोनीचा ॲक्सेस कंट्रोलर २०२३ मध्ये आला. माझ्याकडे एक मुलगा येतो, त्याला उजवा हात नाही. तो डाव्या हाताने आणि पायाने फुटबॉल खेळतो आणि मला हरवतो. त्याला कोणी 'तू वेगळा घाट चढलास' म्हटलं तर मला चालणार नाही.

खडूफळा, इंदूर
१० नोव्हेंबर, रात्री १०:५०

सर्वांचे आभार. बटणवाला, तुमचा प्रतिसाद छापून टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. उडी आजच खांद्यावर नेली.

@भंवरकुआ_पीजी, बाळा, तुझा प्रतिसाद मी दोनदा वाचला. ती भिंत, त्या रेघा, पहाटे तीनला झांक्या. हे सुख खरं आहे आणि ते मला तुझ्याकडून काढून घ्यायचं नाही. पण माझा एकतिसावा प्रयत्न ऐक. शेवटच्या लढाईत अंगठा अडकला. पूर्ण अडकला, सुटेना. मी डाव्या हाताने तो सोडवला, तोवर झॅग्रियस मार खात उभा होता, आणि त्या कमी बसलेल्या मारामुळेच उभा होता. मग जिंकले. घरात सगळे झोपलेले, ओरडता येईना, मी तोंडावर उशी धरून ओरडले. तुझ्या खोलीत जे वाटलं तेच ते होतं, मला खात्री आहे. तुझा घाट तुझ्या पायांना जेवढा कठीण, तेवढाच माझा माझ्या अंगठ्याला होता. आकडे वेगळे होते, दम सारखाच लागला.

वर्गातही मी हेच बघते. एका मुलाला पेपरला अर्धा तास जास्त मिळतो, कारण त्याची अक्षरं उलटसुलट होतात. गणितं त्याला तीच सोडवावी लागतात.

आणखी एक. सिल्कसाँग आल्यावर काही दिवसांतच बनवणाऱ्यांनी सुरुवातीचे दोन बॉस, मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर, थोडे सौम्य केले. 'एकच ठरवलेला अवघडपणा' त्यांनी स्वतःच हलवला की!

भंवरकुआ_पीजी, इंदूर
११ नोव्हेंबर, पहाटे ००:३५

मूरविंगला आम्ही सौम्य व्हायच्या आधी पाडलं, हे नोंदवून ठेवा ताई!

पेपरच्या उदाहरणावर विचार करतोय. उत्तर लगेच नाही माझ्याकडे.

लष्करकर, ग्वाल्हेर
११ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

मूळ प्रश्नाकडे कोणी वळलं नाही म्हणून मी वळतो. वय ६८, मुलाने लॅपटॉप दिल्यापासून खेळतो. माझं उत्तर: रिटर्न ऑफ द ओब्रा डिन, २०१८.

मी एकतीस वर्षं विमा सर्व्हेअर होतो. जळालेली गोदामं, उलटलेले ट्रक, बुडालेलं धान्य बघून 'नेमकं काय झालं' ते लिहायचं हे माझं काम. या गेममध्ये आपण ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीचे विमा तपासनीस असतो. साल १८०७. चार-पाच वर्षांपूर्वी नाहीसं झालेलं जहाज बंदराला लागलं आहे आणि त्यावर एकही जिवंत माणूस नाही. साठ माणसं होती. प्रत्येकाचं नाव काय, तो कशाने गेला, कोणाच्या हातून गेला, हे वहीत भरायचं. हातात एक घड्याळ असतं. प्रेताजवळ ते उघडलं की त्या माणसाच्या मरणाचा क्षण गोठलेला दिसतो, त्याआधीचे काही आवाज ऐकू येतात.

घाई नाही. एकही बटण पटकन दाबायचं नाही. ताईंच्या अंगठ्याला काही होणार नाही. पण डोक्याला मात्र कोणतीही सूट नाही! तीन माणसांचं सगळं बरोबर भरलं की तेवढीच तीन पक्की होतात, त्यामुळे अंदाजाने ठोकता येत नाही. कोण कोणत्या झोळीत झोपतो, कोणाचा उच्चार कसा, कोणाच्या पायात कसले मोजे, असल्या खुणांवरून माणूस ओळखायचा. माझ्या नोकरीत मी अगदी हेच करत असे. दावा करणारा सांगेल ते ऐकायचं आणि बुटावरची माती बघायची.

खलाशांत आपल्याकडचे लोकही आहेत. त्या काळच्या कंपनीच्या जहाजांवर हिंदी खलाशी असत, ते पडद्यावर बघून मी बराच वेळ थांबलो. दोन रंगांचा, ठिपक्याठिपक्यांचा, जुन्या कॉम्प्युटरसारखा दिसतो. सुरुवातीला डोळ्यांना विचित्र वाटेल, अर्ध्या तासात सवय होते.

एवढंच की मरणाची दृश्यं आहेत. मातोश्रींना चालतील का ते आधी विचारा.

अवघड-सोप्याच्या वादाबद्दल माझं मत: हा गेम सोपा करायची सोय त्यात नाही, आणि असती तर मी वापरली नसती. पण माझ्या सौ.ने वापरली असती, आणि मग ती आणि मी एकाच गेमबद्दल जेवताना बोलू शकलो असतो. आत्ता मी एकटाच बोलतो.

तिसरी_घंटा, इंदूर
११ नोव्हेंबर, दुपारी ४:००

लष्करकर काका, काय लिहिलंय! आज रात्रीच घेते.

खडूफळा ताई, मी राजी: ॲन एन्शंट एपिक सुचवते. २०२० चा, पुण्यात नोडिंग हेड्स गेम्सने केलेला. राजी नावाची मुलगी राक्षसाने पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधायला निघते, आणि गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू, आपापसांत बोलत. राजस्थानी वाड्यांचे सज्जे, जाळ्या, पाण्याच्या पायऱ्या इतक्या देखण्या आहेत की मी लढायचं सोडून भिंती बघत फिरले. पाचसहा तासांत संपतो. लढाई नंतर नंतर एकसुरी होते हे खरं, आणि उड्या बऱ्याच आहेत, तेव्हा अंगठ्याला विचारून घ्या. पण आईंना नक्की आवडेल.

रामबागेतली, इंदूर
११ नोव्हेंबर, रात्री ९:१०

मला वेन्बावर लिहायचं आहे, उशीर झाला तरी.

मी तो एकटीने खेळले आणि नंतर बराच वेळ गॅलरीत उभी होते. त्यात मुलगा मोठा होतो आणि हळूहळू इंग्रजीत उत्तरं द्यायला लागतो. आई तमिळमध्ये विचारते, तो इंग्रजीत बोलतो. पुढे तो आईची वही उघडतो तेव्हा अडखळत वाचतो. आपल्याकडे कॅनडा नाही, फक्त हिंदी आहे, पण बाकी सगळं तेच. आमच्या पाच पिढ्या इंदुरात. पणजोबा होळकरांच्या दरबारात कारकून होते. मी मुलाला विचारते, "जेवलास का?" तो म्हणतो, "हां मम्मी, खा लिया." त्याला मराठी कळतं सगळं. बोलत नाही.

माझ्या सासूबाईंची एक वही आहे, मोडी-बाळबोध मिश्र. काही ओळी मोडीत आहेत आणि त्या घरात आता कोणालाच वाचता येत नाहीत. गेममध्ये वहीवर डाग पडला होता म्हणून मी जितकी अस्वस्थ झाले, तितकी घरातल्या वहीसाठी कधी झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी ती माळ्यावरून काढली. चिरोट्याच्या पानावर तुपाचा डाग आहे.

पोहेजिलेबी, इंदूर
११ नोव्हेंबर, रात्री ९:४५

ताई, मोडी वाचणारे इंदुरात अजून आहेत. व्यक्तिगत निरोप करतो.

आणि आपला वेन्बा कोणी केला तर पहिला पदार्थ भुट्ट्याचा कीस! किसायचा बारीक, तुपात परतायचा, दूध घालायचं, आणि गेमने दूध कधी घालायचं ते सांगायचं नाही. आधी घातलं तर गिच्च, उशिरा घातलं तर कोरडा. दुसरी पातळी सराफ्यातल्या खाऊगल्लीत, रात्री अकरा वाजता, गराडूचा कंद तळताना गिऱ्हाईक सांभाळायचं. तिसरी पातळी आजीची: पोह्यांवर जिरावन मसाला किती.

सुरसागर, वडोदरा
११ नोव्हेंबर, रात्री १०:०२

जिरावन किती ही शेवटची पातळी असावी. आमच्या आत्याबाई इंदूरच्या, चाळीस वर्षं वडोदऱ्यात आहेत, अजून इंदूरहून येणाऱ्याच्या पिशवीत जिरावन शोधतात.

चिंचेखाली, उज्जैन
१२ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

अवांतर प्रश्न. ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमचा कायदा आला तेव्हापासून आमचे बाबा नातवाला म्हणतात, 'सरकारने बंदी घातली, ठेव तो कंट्रोलर.' हे खरं आहे का?

बटणवाला, पुणे
१२ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

@चिंचेखाली, नाही. २०२५ चा तो कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे. पैसे टाका, जिंकलात तर पैसे मिळतील, असले सगळे बंद. या धाग्यावरचा एकही त्यात येत नाही. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, तर त्याच कायद्याने मान्यता दिली आहे. नातवाला कंट्रोलर परत द्या, अभ्यास झाल्यावर.

भंवरकुआ_पीजी, इंदूर
१५ नोव्हेंबर, रात्री ११:५०

ताई, चार दिवस विचार केला. पेपरच्या उदाहरणाचं उत्तर लिहितो.

मी पूर्ण बदललो नाही. सिल्कसाँगमध्ये सोपी पातळी असती तर आम्ही पन्नासाव्या प्रयत्नाला ती नक्की लावली असती, थकलो होतो. आणि मग त्र्याऐंशीवा आलाच नसता. समोर दुसरा दरवाजा नव्हता म्हणून आम्ही तोच ढकलत राहिलो. याला मोल आहे असं मला अजूनही वाटतं.

पण एक झालं. आमच्यातला चौथा, ज्याचं नाव मी इथे लिहीत नाही, तो सुरुवातीपासून आमच्यासोबत खेळायचा नाही, फक्त रेघा मारायचा. आम्ही समजलो त्याला आवड नाही. मी सोपं न करता तसंच खेळण्यात मजा आहे, असं तुम्हाला लिहितोय हे त्याने वाचलं आणि म्हणाला, मला पडद्यावरचं इतकं वेगात चाललेलं दिसतच नाही नीट, डोळ्यांचा त्रास आहे लहानपणापासून. दोन वर्षं एका खोलीत राहतोय, मला माहीत नव्हतं. परवा त्याला सेलेस्ट लावून दिला, वेग ७० टक्के. काल रात्री तिसऱ्या अध्यायापर्यंत पोचला. आज भिंतीवर त्याच्या रेघा मी मारतोय.

बटणवाला, पुणे
१६ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

त्याला सांग, सेटिंगमध्ये पडदा हलणं बंद करता येतं आणि चमकणारे प्रकाशही. डोळ्यांना बराच आराम पडेल.

लष्करकर, ग्वाल्हेर
१६ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

भंवरकुआ, शाब्बास. खडूफळा ताई, काय ठरलं? जहाज घेतलंत का?

खडूफळा, इंदूर
२२ नोव्हेंबर, रात्री १०:३०

उशिरा लिहिते आहे, घटक चाचण्या होत्या.

@भंवरकुआ_पीजी, तुझा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तुमच्या चौथ्याला तिने आशीर्वाद सांगितले आहेत. दरवाज्याचा तुझा मुद्दा मला पटला. एकच दरवाजा असलेले खेळही असावेत. ज्यांना तो ढकलता येत नाही त्यांना बाहेर काय लिहिलंय ते आधी कळावं, एवढं मात्र हवं.

पोहेजिलेबी, दहा वाफे, नंतर स्प्रिंकलर. शेती पुन्हा सुरू केली आहे, शरद ऋतू लागला. अंगठा गप्प आहे.

लष्करकर काका, जहाज घेतलं. मरणाची दृश्यं आहेत असं आईला आधीच सांगितलं, तर म्हणाली, "मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, मला काय दाखवणार?" पहिल्या रात्री ती नुसती बघत होती. दुसऱ्या रात्री विचारलं, "हा जाड्या सगळीकडे त्या उंच माणसाच्याच मागे कसा उभा?" मी तीन दृश्यं परत फिरून पाहिली. खरंच उभा होता. मग त्याचं काम काय ते कळलं, आणि त्यावरून नाव.

तिने मुलीची जुनी दोनशे पानी वही मागून घेतली आहे. एका बाजूला साठ आकडे, दुसऱ्या बाजूला आम्हाला वाटतं ते. पेन्सिलीनेच लिहिते, खोडता यावं म्हणून. मुलगी रात्री झोपायच्या आधी पंधरा मिनिटं येऊन बसते आणि आजीला विचारते, "आज कोण मिला?" आजी म्हणते, "मराठीत विचार, मग सांगते."

काल नववा पक्का झाला. आता आई जप उरकून हाक मारते आहे, जाते.